साखर पेठेतली होडी

प्लास्टिकची जात वासावरून कळते. कडेचा एक कपचा घ्यायचा, त्याला काडी लावायची, लगेच फुंकायचं आणि नाक पुढं करायचं. मेणबत्ती विझल्यासारखा वास आला तर पॉलिथीन. केस जळल्यासारखा आला तर नायलॉन. नाकाला झोंबलं आणि ज्योत आपोआप विझली तर पीव्हीसी. पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आला तर अॅक्रिलिक. आणि वास घ्यायला सवडच मिळाली नाही, भसकन पेटून भुवईच गेली, तर ते सेल्युलॉइड. माझी डावी भुवई त्या अभ्यासात गेली. पुढं ती परत उगवली, पण जरा वाकडी.

मी मूळची अक्कलकोटकडची. घरी कानडी, शाळेत मराठी. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासरी यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, प्लास्टिकचा नाद लागला. लोखंडी दातेरी चाकाच्या जागी नायलॉनचं चाक बसवलं की माग आवाज कमी करतो, एवढं एकदा त्यांच्या लक्षात आलं, आणि वर्षभरात दुकानात लोखंड कमी आणि प्लास्टिक जास्त झालं. मग ते माल आणायला मुंबईला जाऊ लागले आणि गल्ल्यावर मी बसू लागले. गिऱ्हाईक आधी माझ्याकडं बघायचं, मग माझ्या मागं कुणी पुरुषमाणूस आहे का ते बघायचं, आणि मग म्हणायचं, "बादली दाखवा."

बादल्या आमच्याकडं नव्हत्या. आमच्याकडं पत्रे, कांबी, नळ्या आणि कागदासारखं गुंडाळलेलं पॉलिथीन असायचं. अॅक्रिलिकच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी खाकी कागद चिकटवलेला असतो, चरा पडू नये म्हणून. नवखा माणूस म्हणायचा, "अक्का, काच मागितली, तुम्ही पुठ्ठा देताय." मग मी एक कोपरा सोलून दाखवायची. त्या कोपऱ्यातून पलीकडचा रस्ता दिसला की माणूस गप्प व्हायचा. ह्या गप्प होण्यावर माझा निम्मा धंदा चालला.

खरं गिऱ्हाईक मागवाल्यांचं. पण माझा जीव रमायचा तो छांदिष्टांत. कशालाही उपयोगी नाही असं काहीतरी घरी बसून करणारी ही माणसं. जेऊरचे एक निवृत्त रेल्वेवाले काका होते. ते घरात आगगाडीच्या स्टेशनाची प्रतिकृती करत होते. दर खेपेला येऊन कापलेल्या पट्ट्या न्यायचे आणि फलाट वाढवायचे. सिग्नलचे हात हलायचे, तिकीटखिडकी उघडायची. मी एकदा विचारलं, "काका, आणि गाडी?" ते शांतपणे म्हणाले, "लेट आहे." दोन वर्षं ती लेटच होती.

माळशिरसकडचा एक मेंढपाळ आला. खांद्यावर घोंगडं, पायांत जाड वहाणा. म्हणाला, "पातळ प्लास्टिक द्या. एडक्याला रेनकोट शिवायचा हाय."

मी म्हटलं, "मामा, तुमच्याकडं पाऊस कुठं पडतोय?"

"न्हाय पडत म्हनूनच की. आमची तयारी बगून तरी लाजंल."

लाजला नाही. ते बहात्तरच्या दुष्काळाआधीचं वर्ष होतं. आणि त्याच सुमाराला आमच्या दुकानात नरसय्या आला, होडीचा तळ मागायला.

नरसय्या साखर पेठेतला. घरची बोली तेलुगू, बाहेरची सोलापुरी. चादरीवर जी नक्षी उठते तिच्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडावी लागतात. कुठं भोक आणि कुठं नाही, त्यावर मोर होणार की कमळ ते ठरतं. ही भोकं पाडण्याचं त्याचं काम. पन्नाशीचा, सडपातळ, बोलताना हवेत बोटानं टोचे मारायची सवय. मी वयानं त्याच्या मुलीएवढी, तरी तोही मला अक्काच म्हणायचा.

"अक्का, तळ पायजे. आरपार दिसणारा."

"कशाचा तळ?"

"होडीचा."

मला वाटलं, माझंच मराठी कमी पडलं. कानडीत विचारलं, तर त्यानंही अर्ध्या कानडीत तेच सांगितलं. होडी.

भानगड अशी होती. त्याच्या कारखानदारानं चादरीला माशांचा काठ मागितला होता. नरसय्याचं म्हणणं, मासा मी बाजारात बघितलाय, पण तो मेलेला, कुशीवर पडलेला. पोहणारा मासा वरून कसा दिसतो, पाठ कशी वळवतो, ते बघितल्याशिवाय मी भोक पाडणार नाही. कुठल्यातरी मासिकात त्यानं समुद्रातल्या होडीचा फोटो बघितला होता. तिचा तळ काचेचा, आणि आतली माणसं वाकून खाली बघतायत. झालं. गावच्या कंबर तलावात मासे आहेत, सोलापुरात प्लास्टिक आहे, मग अडतंय कुठं?

"मामा, तलावाचं पाणी गढूळ असतंय की."

"वरनं गढूळ," तो म्हणाला. "आत कुणी बघितलंय?"

मी पत्र्याचा भाव सांगितला.

अख्खा पत्रा त्याला परवडण्यासारखा नव्हता, म्हणून तो कापून उरलेले तुकडे न्यायचा. सुट्टीच्या दिवशी यायचा, मागच्या खोलीत तुकड्यांच्या ढिगात बसायचा आणि प्रत्येक तुकडा उन्हाकडं धरून बघायचा. मी त्याला कापायला शिकवलं. करवतीचं मोडकं पातं घासून त्याला टोक काढायचं, पट्टी ठेवून त्या टोकानं सात-आठ वेळा ओरखडायचं आणि टेबलाच्या कडेवर धरून दाबायचं. टक्कन मोडतं. घाई केली की सरळ रेघ सोडून कुठंही मोडतं. नरसय्याचं पहिल्या खेपेलाच सरळ मोडलं आणि तो इतका खूश झाला की नको असलेले दोन तुकडेही मोडून बसला.

जोडायला क्लोरोफॉर्म लागतो. दोन कडा एकमेकींना लावायच्या, फटीत दोन थेंब सोडायचे, कडा विरघळून एकजीव होतात. मी त्याला हे सांगितलं आणि औषधाच्या दुकानात पाठवलं. थोड्या वेळानं औषधवालेच स्वतः आमच्या दुकानात आले, घाम पुसत.

"वहिनी, एक गृहस्थ माझ्याकडं क्लोरोफॉर्म मागतायत. कशाला विचारलं तर म्हणतात, होडी चिकटवायची आहे."

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? घरी कोण कोण आहे विचारलं तर म्हणतात, फक्त बायको, आणि ती होडीच्या विरुद्ध आहे. मी कसा देऊ?"

शेवटी बाटली मी माझ्या नावावर घेतली आणि नरसय्याला बजावलं, हे काम उघड्यावर करायचं. त्यानं ऐकलं, पण धूळ बसू नये म्हणून वरून सतरंजीचा तंबू केला. त्याची बायको राजव्वा भाकरी घेऊन आली तर नवरा होडीत हसऱ्या चेहऱ्यानं गाढ झोपलेला. तिनं गल्ली गोळा केली. तोंडावर पाणी मारल्यावर तो उठला आणि पहिलं वाक्य बोलला, "गळतं का?"

होडीचा लाकडी सांगाडा रशीदभाईनं केला. रशीदभाई सुतार, पण आयुष्यभर पाळणे आणि पेट्या केलेला. त्यानंही समुद्र बघितला नव्हता. मी विचारलं, "भाई, तुमको होडी आती क्या?" तर म्हणाला, "नै आती अक्का. पन मैं पालना लंबा करताऊं, टोकाकू बंद करताऊं. बच्चा नै गिरता, तो ये बुड्ढा भी नै गिरता." त्यामुळं ती होडी शेवटपर्यंत मोठ्या पाळण्यासारखीच दिसत राहिली. गल्लीच्या कडेला, कमरेएवढ्या उंचीच्या दगडांवर ती ठेवली होती. येणारा-जाणारा वाकून तिच्या खालून बघायचा आणि दुसऱ्या बाजूला वाकून बघणाऱ्याचं तोंड त्याला दिसायचं. राजव्वा म्हणायची, "सगळी पेठ येडी झाली."

होडी पुरी व्हायला वर्ष लागलं. आणि ह्या वर्षात पाऊस आला नाही. आधी लोक म्हणाले, येईल. मग म्हणाले, उशिरा येईल. मग कुणी काहीच म्हणेना. तलाव आटत आटत मधोमध एक थारोळं राहिलं, आणि मग तेही गेलं. तलावाच्या तळावर भेगा पडल्या आणि लोक वळसा वाचवायला त्यातून चालत जाऊ लागले. माशांचा काठ तोवर दुसऱ्याच कुणीतरी कुठल्याशा कॅलेंडरवरचा मासा बघून करूनही टाकला. ज्या दिवशी मी शेवटचा सांधा तपासला आणि "झालं मामा" म्हटलं, त्या दिवशी साखर पेठेत एक नवीकोरी होडी होती आणि प्यायला पाणी नव्हतं.

नरसय्याला ह्याचं काही वाटलं नाही. त्याला एकच घोर. होडी गळते की नाही, हे कळणार कसं?

"सोपं हाय," तो म्हणाला. "आत पाणी भरायचं. आतलं बाहेर गेलं नाही, तर बाहेरचं आत येणार नाही."

शास्त्र चोख होतं. फक्त त्यासाठी पाणी पाहिजे होतं. राजव्वानं हंड्यापुढं आडवी बसून सांगितलं, "एक तांब्या जरी नेलास तर मी माहेरी जाईन. तितं पण पाणी न्हाय, पण जाईन."

गल्लीत पाण्याचा टँकर यायचा. ड्रायव्हर घाईत असायचा. पुढच्या गल्लीतली माणसं त्याच्या नावानं आधीच शंख करत असायची. बायकांच्या घागरी भरायच्या आत तो नळी आवरायचा. त्या दिवशी मी दुकान मालकांवर सोडून तिथंच होते, कारण एका सांध्यावर आणखी एक पट्टी बसवायची होती. टँकर आला, रेटारेटी झाली, दोन घागरी आपटून चेमटल्या, आणि ड्रायव्हर ओरडला, "भांडी असतील तर भरा, न्हाईतर मी निघालो!"

राजव्वानं इकडं तिकडं बघितलं. मग तिनं नळीचं तोंडच धरलं आणि होडीत टाकलं.

"सोडा हितं!"

"ही होडी हाय की ओ," ड्रायव्हर म्हणाला.

"मग? तुमचं काय जातंय?"

पाणी सुटलं. मला आजही तो आवाज आठवतो, प्लास्टिकवर पडणाऱ्या पाण्याचा, पत्र्यावर पडतो त्याहून बसका. तुकडे मी विकलेले, सांधे मी शिकवलेले. एक सांधा उसवला तर सबंध गल्लीचं पाणी मातीत जाणार, आणि मला त्या बायकांतून घरी जायचं होतं. नरसय्या तर सरळ होडीखाली उताणा झोपला. वरून पाणी चढत होतं आणि खालून तो एकेका सांध्याला बोट लावत होता. निम्मी होडी भरली आणि टँकर गेला.

"एक गळतोय," खालून आवाज आला. रडवेला.

एकच सांधा. थेंब, मग जरा थांबून दुसरा थेंब. ओल्या सांध्यावर क्लोरोफॉर्म काही करत नाही. कोरडा करायचा तर सगळं पाणी काढायला हवं. मी मान खाली घालून उभी होते, तेवढ्यात एका म्हातारीनं पुढं होऊन थेंबाखाली तांब्या ठेवला.

आता झालं असं की होडीतलं पाणी वरून काढायचं तर हात बुडणार. कुणाचा हात, कसला हात, ह्यावरून लगेच वाद. पण खालून थेंब पडत होता त्याला कुणाचाच हात लागत नव्हता. दोन दिवसांत असं ठरून गेलं की प्यायचं पाणी थेंबाचं आणि वापरायचं वरचं. थेंबाखाली भांड्यांची रांग लागली. होडी रिकामी झाली तशी मी सांधा दुरुस्त करायला गेले, तर बायकांनी मला अडवलं.

"अक्का, थेंबाला हात लावायचा न्हाय."

नरसय्या माझ्याकडं न्याय मागायला आला. "अक्का, माझ्या होडीत एक चूक ऱ्हायली हाय, आणि ह्या बाया तिलाच हळद-कुंकू लावतायत."

खरंच लावलं होतं.

पण थेंब तो थेंब, त्यानं गल्लीचं भागेना. राजव्वा दुकानात आली, पहिल्यांदाच. तिनं विचारलं, "तळाला नळ बसतो का?"

मी म्हटलं, "बसतो. भोक पाडावं लागेल."

"मग पाडा."

हे नरसय्याला सांगायचं कुणी? मीच गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हवेत बोटानं टोचे मारणारा माणूस, त्याचा हात तेव्हा गप्प होता. "होडीच्या तळाला भोक," तो एवढंच म्हणाला. मग उठला, रिकाम्या होडीत चढला, अंगावर चादर ओढली आणि आडवा झाला. रशीदभाईनं समजावलं. मालक येऊन समजावून गेले. तो उठेना. जेवण आत मागवलं. दुसऱ्या दिवशीही आतच. खालून वाकलं की प्लास्टिकला चिकटलेली त्याची पाठ दिसायची.

आणि टँकर वळणावर आला.

ड्रायव्हर नळी घेऊन आला, आत डोकावला आणि मागं सरला. "आत माणूस हाय."

"असू दे," राजव्वा म्हणाली. "सोडा पाणी. पवायचा तर पवंल."

ड्रायव्हरनं सोडलं. मी सांगते, कुठल्याच होडीतून कुणी इतक्या चपळाईनं उतरलं नसेल. नरसय्या भिजलेल्या चादरीसकट रस्त्यावर उभा राहिला. चादरीतलं पाणी वाया जाऊ नये म्हणून दोघी बायका लगेच ती पिळायला धावल्या, आणि तो मधल्यामध्ये गिरकी खात राहिला. सगळे हसले. तोही हसला असं मला वाटलं, पण तोंड भिजलेलं असल्यामुळं नक्की सांगता येत नाही.

होडी पुन्हा रिकामी झाली त्या सकाळी तो दुकानात आला. "अक्का, भोक मी पाडणार. दुसऱ्यानं पाडलं तर चीर जाईल."

मी त्याला हाताचं गिरमिट दिलं. अॅक्रिलिकला भोक सावकाश पाडायचं असतं, जोर द्यायचा नाही, मधूनमधून थांबायचं, नाहीतर ते तापून गिरमिटाला पकडतं. त्याला हे सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर भोकंच पाडली होती त्यानं. होडीखाली बसून तो गिरमिट फिरवत होता आणि पांढरा बारीक भुसा त्याच्या मांडीवर पडत होता. आरपार झालं तेव्हा त्यानं तो भुसा गोळा केला आणि खिशात टाकला. पितळी नळ बसवला, नळाला आमच्याकडची पारदर्शक नळी. पहिला हंडा त्यानंच भरला आणि राजव्वापुढं ठेवला. हंडा उचलताना तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला, तेवढंच.

सबंध दुष्काळ साखर पेठेच्या त्या गल्लीनं होडीतलं पाणी प्यायलं. किती उरलंय ते बाहेरून दिसायचं, त्यामुळं चोरी नव्हती आणि भांडणं मात्र दुप्पट होती. पाव्हणे मुद्दाम बघायला यायचे. एक गृहस्थ टेंभुर्णीहून आले आणि मला गंभीरपणे म्हणाले, "आमच्या गावाला पण एक अशी टाकी करून द्या. पण आकार जरा साधा ठेवा."

मी पुढं कितीतरी वर्षं प्लास्टिक विकलं. आज नाल्यात तुंबलेल्या पिशव्या बघितल्या की मी नजर चुकवते. त्यातलं काही आमच्याच दुकानातून गेलं असणार. पण कुणी मला प्लास्टिकबद्दल चार शब्द सुनावले तर मी ऐकून घेते आणि मनात म्हणते, बाबा, तू ती होडी बघितली नाहीस.

पुढं पाऊस झाला, तलाव भरला. गल्लीनं होडी सोडायला बरीच कुरकुर केली. नरसय्यानं नळ काढून राजव्वाच्या हातात दिला. त्या भोकावर मी अॅक्रिलिकची गोल चकती बसवली, कडेनं क्लोरोफॉर्म सोडला, आणि गळक्या सांध्यावरही अखेर पट्टी मारली. हातगाडीवर घालून होडी कंबर तलावावर नेली. निम्मी पेठ मागं.

होडी तरंगली. जरा डावीकडं कलून, पण तरंगली. नरसय्या आणि रशीदभाई आत बसले. रशीदभाई डोळे मिटून बसला होता. नरसय्या पालथा पडून तळाला डोळे लावून होता. काठावरून सगळे ओरडत होते, "काय दिसतंय?" तो हात हलवून गप्प करायचा. बऱ्याच वेळानं ते परत आले.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"गढूळ," तो म्हणाला. "पण लई खोलवर गढूळ."

त्याचा चेहरा मात्र उजळलेला होता. रशीदभाई उतरला, जमिनीला हात लावून म्हणाला, "बस, हो गया मेरा." आणि मग राजव्वानं निऱ्या खोचल्या आणि कुणाला काही न विचारता होडीत जाऊन बसली.

नरसय्यानं होडी आत घेतली. काठापासून बरीच लांब गेल्यावर ती वाकून तळातून बघत बसलेली दिसली. मग ती सरळ झाली, चहूबाजूंनी पसरलेल्या पाण्याकडं बघितलं, आणि मग आत, पायांशी, कोरड्या तळाकडं. पाण्यावरून तिचा आवाज स्वच्छ काठापर्यंत आला.

"एवढं पाणी बाहेर, आणि ही रिकामी?"

तिनं हात बाहेर घातला, ओंजळ भरली आणि होडीत ओतली. परत भरली, परत ओतली. नरसय्या ओरडत होता, "अगं बुडू की! राजव्वा, अगं!" पण ती थांबेना. शेवटी त्यानं वल्हं टाकलं आणि दोन्ही हातांनी पाणी बाहेर काढायला लागला. ती आत भरत होती, तो बाहेर टाकत होता, आणि होडी आपली एका जागी हळूहळू गोल फिरत होती.